पंप चालू, हायपो तेवढाच, तरी क्लोरीन शून्य: नागपूरच्या उन्हाळ्यातली दरवर्षीची तक्रार

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की माझे फोन सुरू होतात. "भाऊ, पंप तर चालूनच राहिला जी, हायपो बी टाकून राहिलो, पण किटमध्ये रंगच येऊन नाही राहिला." हिंगणा असो, बुटीबोरी असो की कळमेश्वर, वाक्य तेच. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पाणी निर्जंतुक करायचं क्लोरीनचं द्रावण, आणि किट म्हणजे पाण्यातला क्लोरीन रंगावरून तपासायचा संच. पिण्याच्या पाण्याची टाकी असेल तर हे वाक्य थोडं घाबरून येतं, कूलिंग टॉवर असेल तर थोडं वैतागून. मी या भागातल्या कारखान्यांच्या पाण्याची आणि टॉवरची देखभाल करतो. निदान एकदा सविस्तर लिहून ठेवलं म्हणजे पुढच्या वर्षी निम्मे फोन तरी वाचतील, एवढाच माझा स्वार्थ.

फोन येईपर्यंत बहुतेकांनी तीनपैकी एक गोष्ट केलेली असते. पंपाचा स्ट्रोक, म्हणजे दर ठोक्याला जाणारा हायपो, वाढवलेला असतो, पुरवठादाराला झापलेलं असतं, किंवा हायपो मोजून टाकणारा नवा डोसिंग पंप घेतलेला असतो. हिंगण्याच्या एका फरसाणच्या कारखान्यात तर या तिन्ही गोष्टी तीन उन्हाळ्यांत क्रमानं झाल्या होत्या. चौथ्या वर्षी मला बोलावलं तेव्हा युटिलिटी रूममध्ये दोन जुने पंप कापडात गुंडाळून ठेवलेले होते. दोन्ही चांगले होते.

तिथलं चित्र असं. रोज साधारण ६० घनमीटर बोअरचं पाणी, २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) डोस. हिशेब सरळ आहे: घनमीटर गुणिले पीपीएम म्हणजे ग्रॅम क्लोरीन. ६० दुणे १२०, म्हणजे रोज १२० ग्रॅम. हायपो १२ टक्के असेल तर एका लिटरमध्ये १२० ग्रॅम उपलब्ध क्लोरीन, म्हणून रोज एक लिटर. पंप बरोबर एक लिटर टाकत होता. मी मोजपात्र लावून पाहिलं, एका थेंबाची चूक नाही. चूक त्या लिटरमध्ये होती.

मोजायचं कुठे?

नळाच्या पाण्यात सगळे मोजतात, कॅरबॉयमध्ये, म्हणजे हायपोच्या मोठ्या कॅनमध्ये, कोणी मोजत नाही. आणि नळाशी मोजायला जी बाटली असते, तिचीही आधी परीक्षा घ्या. ओटीओचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब लगेच वाचले तर मुक्त क्लोरीन दिसतो. पाच मिनिटं ठेवून, चहा पिऊन येऊन वाचले तर अमोनियाशी बांधलेला क्लोरीनही त्यात मिसळतो आणि पिवळा रंग खोटा धीर देतो. पाण्यात लोह किंवा मँगनीज असेल तरी पिवळेपणा येतो. शिवाय ऑर्थोटोलिडिन हे रसायन अंगाला चांगलं नाही, त्यामुळे मी डीपीडीच्या गोळ्या किंवा पावडर वापरा असंच सांगतो. डीपीडीची खोड उलटी आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग येतो आणि क्षणात उडून जातो, म्हणजे शून्य दिसतो. म्हणून रंग आला नाही तर नमुना दहापट पातळ करून पुन्हा बघा. पातळ केल्यावर गुलाबी झाला तर तुमच्याकडे क्लोरीन शून्य नाही, भरमसाट आहे, आणि तुम्ही स्ट्रोक आणखी वाढवायच्या बेतात होता.

२०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले होते, आठवत असेल. दिवसभर देशभर बोंब झाली आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडलेला होता. आकडा मोठा असला की लोक निदान शंका तरी घेतात. शून्यावर मात्र कोणी शंका घेत नाही.

आता कॅरबॉय. त्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल घेताना हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची काचेची नळी, बुडवून बघायची पद्धत होती. स्टोअरकीपर काका बावीस वर्षं तिथे आहेत, अत्यंत चोख माणूस. त्यांनी माझ्यासमोर तीन आठवडे पडलेल्या कॅरबॉयमध्ये हायड्रोमीटर सोडला, डोळा काचेच्या रेषेत आणला आणि म्हणाले, "बघा जी, नवीन मालाइतकाच येते. माल बराबर आहे." आकडा खरा होता. अर्थ खोटा होता. हायपो मरतो तेव्हा तो कुठे उडून जात नाही. त्याचं मीठ आणि क्लोरेट होतं, आणि ते दोन्ही पाण्यातच विरघळलेले राहतात. घनता जवळपास तीच. रंग थोडा फिका पडतो, वास येत राहतो. हायड्रोमीटरला जिवंत आणि मेलेला हायपो सारखाच.

खरा आकडा टायट्रेशननं कळतो, आणि ते कॅन्टीनच्या टेबलावरही करता येतं. १० मिलि हायपो पिपेटनं घ्या, रबरी फुगा लावून, तोंडानं अजिबात नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. तो २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये डिस्टिल्ड पाण्यानं पातळ करा. त्यातले १० मिलि शंकूपात्रात घ्या, चिमूटभर म्हणजे ग्रॅम-दोन ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड टाका, मग असेटिक अ‍ॅसिड. क्रम हाच ठेवा. घट्ट हायपोवर आधी आम्ल कधीच ओतायचं नाही. गडद तपकिरी रंग येईल. ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटनं पिवळट होईपर्यंत उतरवा, मग स्टार्च घाला, निळा रंग गेला की थांबा. बुरेटच्या आकड्याला, म्हणजे लागलेल्या थायोसल्फेटच्या मिलिलिटरना, ०.८८६ नं गुणलं की टक्के मिळतात.

त्या दिवशीचे तीन आकडे माझ्या वहीत आहेत. गेटवर नुकत्याच उतरलेल्या कॅरबॉयला १२.३ मिलि लागले, म्हणजे १०.९ टक्के. तीन आठवडे टिनाखाली असलेल्याला ७ मिलि, म्हणजे ६.२ टक्के. आणि पंपाखाली लावलेला, ज्यातून प्रत्यक्ष डोस जात होता, त्याला साडेतीन मिलि: ३.१ टक्के. म्हणजे १२० ग्रॅमच्या जागी ३१ ग्रॅम चालले होते. बोअरच्या पाण्याची स्वतःची भूकच तेवढी होती. नळाला काय उरणार?

काका बराच वेळ बुरेटकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे त्या मागच्या पुरवठादाराले आपण उगाच काढलं."

पूर्णपणे उगाच नाही. टक्क्यांचा एक जुना घोळ असतो, तो इथेच सांगतो. बिलावर १२ टक्के लिहिलेलं असतं ते बहुधा वजन भागिले आकारमान, म्हणजे लिटरला १२० ग्रॅम. प्रयोगशाळेनं वजन भागिले वजन असा अहवाल दिला तर तोच माल १० टक्के दिसतो, कारण हायपोची घनता १.२ च्या आसपास असते. दोन्ही पक्ष खरे बोलत असतात आणि फोनवर भांडत असतात. ऑर्डरमध्येच लिहा: पोचताना किमान इतके ग्रॅम प्रति लिटर उपलब्ध क्लोरीन, आणि उत्पादनाची तारीख कॅरबॉयवर. भारतीय मानक हवं असेल तर सोडियम हायपोक्लोराइटसाठी आयएस ११६७३ आहे, तो क्रमांक ऑर्डरवर टाकायला हरकत नाही. पण क्रमांक टाकून माल ताजा होत नाही, तारीख मागून होतो.

उन्हाचं गणित

हायपो आपोआप मोडत असतो, थंडीतही. प्रश्न वेगाचा आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की मोडण्याचा वेग साधारण तीन ते चार पट होतो. १० टक्क्यांचा चांगला हायपो २५ अंशांवर निम्मा व्हायला दोनशेच्या वर दिवस लागतात. ३५ ला दोन महिने. ४५ ला तीन आठवडेही नाहीत. पुस्तकात "थंड जागी ठेवा" लिहिलेलं असतं ते थंड हवेच्या गावातल्या माणसानं लिहिलेलं असावं. आपल्याकडे नवतपा लागला की बाहेरच ४५, टिनाच्या शेडखाली भिंतीला हात लावता येत नाही, आणि निळा कॅरबॉय दुपारभर ती उष्णता पीत बसतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: हायपो जितका घट्ट, तितका तो स्वतःला जोरात खातो. तीव्रता निम्मी केली तर रोजचं नुकसान जवळपास चौथ्या हिश्शावर येतं, म्हणजे निम्मा व्हायला लागणारा वेळ दुप्पट होतो. म्हणून १२ टक्क्यांचा माल आला की त्याच दिवशी निम्म्याला पातळ करून ठेवला तर तो जास्त टिकतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण महिनाभरानंतर पातळ केलेल्या मालात मूळ क्लोरीनचा जास्त हिस्सा शिल्लक असतो.

मात्र पातळ करायला बोअरचं पाणी वापरू नका. आपलं बोअरचं पाणी जड आहे, हे कुकरच्या तळाला विचारा. हायपोचा पीएच १२-१३ असतो, त्यात जड पाणी गेलं की चुन्याचा पांढरा साका खाली बसतो आणि तोच साका पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो. सॉफ्टनरचं किंवा आरओचं पाणी घ्या. आणि फार पातळही करू नका. पीएच ११ च्या खाली गेला की टिकाऊपणा उलट घसरतो.

साठवणुकीबद्दल लोकांच्या कल्पना मजेशीर असतात. एका ठिकाणी रांजणाला गुंडाळावं तसं ओलं गोणपाट कॅरबॉयला गुंडाळलेलं पाहिलं. कल्पना वाईट नव्हती, पण झाकणातून झिरपलेल्या हायपोनं गोणपाटाची चाळण करून टाकली होती. हायपोजवळ गोणपाट, भुसा, चिंध्या ठेवूच नयेत. त्या फरसाणच्या कारखान्यात स्टोअरच्या ऑफिसात वाळ्याचा मोठा कुलर होता आणि हायपो पश्चिमेच्या टिनाखाली. आम्ही कॅरबॉय उत्तरेच्या पक्क्या भिंतीच्या खोलीत हलवले, खिडकीला खाली एक एक्झॉस्ट लावला, आणि दोन महिन्यांच्या एकगठ्ठा खरेदीऐवजी दहा-दहा दिवसांनी माल मागवायला सुरुवात केली. वाहतुकीचा खर्च वाढतो, म्हणून खरेदी विभागानं कुरकुर केली. त्यांना मी दोन गुंडाळलेले पंप दाखवले.

पितळेचा कॉक

उन्हानं ६.२ टक्क्यांचा हिशेब लागला, पण ३.१ चा लागत नव्हता. पंपाखालचा कॅरबॉय जुना होता हे खरं, पण एवढाही नाही. नळी वर ओढली तेव्हा टोकाला पितळेचा फूट व्हॉल्व्ह निघाला, हिरवा-काळा झालेला. प्लॅस्टिकचा तुटला म्हणून कोणीतरी वर्षभरापूर्वी जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणून बसवला होता.

तांबं, निकेल, कोबाल्ट यांच्या खुणेपुरत्या अंशानंही हायपो वेगळ्या वाटेनं मोडतो: मीठ आणि ऑक्सिजन. ऑक्सिजन म्हणजे बुडबुडे. कॅरबॉय फुगलेला दिसला, झाकण उघडताना फुस्स आवाज आला, तळाशी काळपट किंवा गंजाच्या रंगाची पूड दिसली, तर धातू शिरला आहे असं समजा. हलवायला घेतलेली स्टीलची सळई, लोखंडी फनेल, पितळी कॉक, गंजलेल्या ड्रमातून ओतलेला माल, यातलं काहीतरी सापडतंच. हायपोला एचडीपीई किंवा यूपीव्हीसी प्लॅस्टिक, रबराच्या जागी विटॉन, आणि झाकणाला हवा जाईल अशी सोय. अगदी घट्ट बंद कॅरबॉय मी दोनदा फुगून आडवा झालेला पाहिला आहे.

याच बुडबुड्यांमुळे दुपारी दोन-अडीचला पंप "एअर घेतो". पंप टकटक वाजत असतो, डोस मात्र शून्य. सकाळी पुन्हा बरोबर. सकाळच्या पाळीचा ऑपरेटर आणि दुपारच्या पाळीचा ऑपरेटर यांचं या विषयावर वर्षभर भांडण चालू शकतं. उपाय: पंप टाकीच्या पातळीखाली ठेवा म्हणजे हायपो स्वतःच्या वजनानं हेडमध्ये येईल, सक्शनची नळी आखूड आणि सावलीत ठेवा, आणि जमल्यास गॅस सोडणारं हेड घ्या. लाइनमध्ये साधा बॉल व्हॉल्व्ह असेल तर तोही बदला. व्हॉल्व्ह बंद केला की गोळ्याच्या पोटात थोडा हायपो अडकतो, त्याचा वायू होत राहतो, आणि एखाद्या दुपारी व्हॉल्व्हचं शरीर फुटतं. यासाठी गोळ्याला बारीक छिद्र असलेले व्हॉल्व्ह मिळतात. छिद्र टाकीच्या बाजूला येईल असा बसवायचा.

एक गोष्ट थांबून वाचा

डोस जिथे मुख्य लाइनमध्ये शिरतो तिथल्या इंजेक्टरवर पांढरा खडा जमतो, वर सांगितलं त्याच कारणानं. तो काढायला लोक अ‍ॅसिड आणतात. संडास धुवायचं स्वस्त अ‍ॅसिड म्हणजे पातळ हायड्रोक्लोरिक. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी, एका मुलानं इंजेक्टर काढला आणि ज्या बादलीत हायपो मोजायचे त्याच बादलीत टाकून वर अ‍ॅसिड ओतलं. बादलीत तळाला असेल पाव लिटर हायपो. पिवळट-हिरवा धूर वर आला. तो मुलगा नशिबानं दाराशी होता, मागे सरला, तरी रात्रभर खोकत दवाखान्यात होता. हायपो आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. भिंतीवर पाटी होती, इंग्रजीत.

इंजेक्टर आधी वाहत्या पाण्याखाली पाच-दहा मिनिटं धुवा, वास जाईपर्यंत. मग उघड्यावर, वेगळ्या बादलीत, पातळ आम्ल. पुन्हा धुवा, मग बसवा. आम्लाचा आणि हायपोचा साठा एका खोलीत नको, बादल्यांचे रंग वेगळे हवेत. टँकरनं माल घेत असाल तर दोन्ही टाक्यांची कपलिंग वेगळ्या मापाची ठेवा, म्हणजे चुकूनही जोडता येणार नाहीत. अमोनिया असलेला क्लीनरही हायपोत नको. त्यातून क्लोरामाइनचा वायू निघतो.

माल ताजा, पंप नीट, तरी शून्य?

मग पाण्याकडे बघा. कूलिंग टॉवरमध्ये पाणी फिरून फिरून घट्ट होतं आणि पीएच ८.५ च्या आसपास जातो. पीएच ७.५ ला निम्मा क्लोरीन मारक रूपात असतो, ८.५ ला जेमतेम नऊ-दहा टक्के. मीटर ०.५ दाखवेल, शेवाळ हसत बसेल. तिथे डोस वाढवण्यापेक्षा पीएचचं नियंत्रण करा किंवा हायपोबरोबर ब्रोमाइड वापरा. ब्रोमीन जास्त पीएचला क्लोरीनपेक्षा चांगलं काम करतो. डोस दिवसाढवळ्या देऊ नका. उघड्या बेसिनवर दुपारचं ऊन पडलं की क्लोरीन बघता बघता जातो. संध्याकाळी सात नंतर दिलेला तोच डोस रात्रभर काम करतो.

पुनर्वापराचं पाणी घेत असाल तर अमोनिया तपासा. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, त्यामुळे असं पाणी नागपूरकरांना नवं नाही, आणि आता छोटे कारखानेही आपल्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्राचं) पाणी टॉवरला देतात. एक भाग अमोनिया-नायट्रोजन संपवायला कागदावर ७.६ भाग क्लोरीन लागतो, प्रत्यक्षात आठ-दहा. तिथपर्यंत पोचेस्तोवर मुक्त क्लोरीन दिसतच नाही. उलट मध्ये डोस वाढवल्यावर एकूण क्लोरीनचा आकडा खाली येतो आणि ऑपरेटर चक्रावतो. पाण्यात ५ पीपीएम अमोनिया असेल तर हायपोवर पैसे ओतण्याआधी एसटीपीचा ब्लोअर बघा.

पिण्याच्या पाण्याला आयएस १०५०० प्रमाणे नळाशी मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवा, विषाणूंचा धोका असेल तर ०.५. इथे "जुना माल आहे ना, मग चौपट टाका" हा उपाय करू नका. मेलेल्या हायपोतला क्लोरेट तुम्ही चौपटीनं पाण्यात टाकत असता. जागतिक आरोग्य संघटनेची क्लोरेटची मर्यादा ०.७ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. निम्म्याखाली गेलेला माल फरशी धुवायला द्या, पिण्याच्या टाकीला नाही.

मग हायपोच का? दुसरं काही घ्यावं का?

हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये येतो. पातळ ब्लीच टिकत नाही ही तक्रार काही आजची नाही. चार्ल्स टेनंटनं १७९९ मध्ये ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं, आणि ती चालली याचं एक मोठं कारण हेच की ती पोत्यात भरून दूर नेता येत होती. पण पावडरही आपल्या उन्हात आणि मग पावसाच्या दमटपणात उतरते. शिवाय तिच्यात चुना बराच. ती डोसिंग पंपाला लावू नका. भिजवून, निवळून वरचं पाणी घेतलं तरी गाळ येतोच. विहीर, गटार, आवार यांना ठीक.

६५-७० टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट दाणेदार असतं आणि जास्त टिकतं. दूरच्या साइटला, जिथे महिन्यातून एकदाच गाडी जाते, तिथे मी तेच सुचवतो. टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या) ९० टक्क्यांच्या गोळ्या पोहण्याच्या तलावाला आणि लहान टॉवरला सोयीच्या, पण त्यातून सायन्युरिक आम्ल साचत जातं. आणि ही दोन रसायनं, कॅल्शियमवाली आणि टीसीसीए, एकाच डब्यानं किंवा एकाच मापानं कधी हाताळू नका. ओलसर असताना एकमेकांत मिसळली तर आग लागते, स्फोटही होतो. किराणा दुकानातलं घरगुती ब्लीच स्वस्त दिसलं तरी पाण्याच्या टाकीला चालत नाही. त्यात सुगंध आणि साबण असू शकतो.

रोजचा वापर मोठा असेल तर मिठाच्या पाण्यातून जागेवरच हायपो बनवणारं यंत्र बघा. त्यातून जेमतेम ०.८ टक्क्याचं द्रावण निघतं, पण इतकं पातळ आणि ताजं असतं की टिकाऊपणाचा प्रश्नच मिटतो. अट एकच: मऊ पाणी. नाहीतर इलेक्ट्रोडवर चुन्याचे थर चढतात.

कामाप्रमाणे निवड बदलते. संत्र्याच्या पॅकहाउसमध्ये मृग बहाराच्या वेळी, फेब्रुवारी-मार्चात, धुण्याच्या टाकीत १००-२०० पीपीएम ठेवतात. तिथे क्लोरीन खाणारा चोर माती आणि पाला असतो, म्हणून आधी साध्या पाण्याचा फवारा आणि टाकीचा पीएच ७ च्या जवळ. कापडाला हायपो देत असाल तर पीएच उलट १० च्या वर ठेवा. ७ च्या आसपास सुती धागा सगळ्यात जास्त कमजोर होतो, आणि नंतर थायोसल्फेट किंवा बायसल्फाइटनं उरलेला क्लोरीन मारा. प्लेटिंगच्या सायनाइडच्या पाण्याला हायपो देताना पीएच १० च्या वर असल्याशिवाय नळ उघडायचाच नाही. आरओच्या आधी हायपो असेल तर मेंब्रेनपर्यंत क्लोरीन पोचता कामा नये, म्हणून मेटाबायसल्फाइटचा पंप हवाच. हायपोचा पंप बदलताना हा दुसरा पंप विसरला जातो, आणि मेंब्रेनचं बिल कोणाच्या नावावर टाकायचं यावर मग बैठक होते.

रुग्णालयांच्या लाँड्रीवाल्यांसाठी एकच ओळ, कारण धंतोली-रामदासपेठेतून हा प्रश्न नेहमी येतो: चादरीवर तपकिरी डाग ब्लीच केल्यावर उमटत असतील तर ते रक्ताचे नाहीत, क्लोरहेक्सिडिनचे आहेत. क्लोरीन लागला की ते कायमचे पक्के होतात. त्या कपड्यांना पेरॉक्साइड वापरा. आणि जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमात १० टक्के हायपो लिहिलं होतं, ते २०१८ च्या दुरुस्तीत १ ते २ टक्के झालं. अजून कोणी १० टक्क्यांचं द्रावण बादलीत भरून ठेवत असेल तर ते वाया तरी जातंय किंवा नाकात तरी.

जुलैमध्ये काय होतं

फरसाणच्या कारखान्यात आता प्रत्येक कॅरबॉयवर काका मार्करनं आल्याची तारीख आणि टायट्रेशनचा आकडा लिहितात, आणि दर सोमवारी पंपाखालच्या कॅरबॉयचा आकडा पुन्हा घेतात. स्ट्रोक त्या आकड्याप्रमाणे ठरतो: टक्के निम्मे तर लिटर दुप्पट, आणि ६ टक्क्यांखाली गेला की तो कॅरबॉय फरशीला. मे महिना निभावला. पहिला फोन आला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात: कॅन्टीनच्या चहाला औषधाचा वास येतो.

पाऊस पडला, शेड थंड झालं, माल १० टक्क्यांच्या वर टिकू लागला आणि पंपाचा स्ट्रोक मेमधलाच राहिला होता. त्या सोमवारी काका सुट्टीवर होते आणि आकडा कोणी घेतलाच नव्हता. नळाशी २ पीपीएमच्या वर निघालं. पहिला जोरदार पाऊस झाल्यावर त्याच दिवशी टायट्रेशन करा, स्ट्रोक खाली आणा, आणि बोअरचं पाणी गढूळ झालं असेल तर नळाचा क्लोरीन दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बघून मगच नवा स्ट्रोक कायम करा.